सातारा ते सांगली, आकाशमार्गे

कबुतर दोन्ही तळहातांत धरलं की सर्वांत आधी जाणवते ती त्याची ऊब, आणि मग त्या उबेच्या आत चाललेली अखंड धडधड. माघातली गार सकाळ होती. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर कोवळं ऊन नुकतं उतरत होतं, खालचं सातारा शहर अजून धुक्याची दुलई अंगावर ओढून पडलं होतं, आणि आमच्या गच्चीवर मी मलमलला ओंजळीत घेऊन उभी होते. मलमल म्हणजे माझ्या वडिलांचं करड्या रंगाचं मादी कबुतर. तिच्या मानेवरची हिरवी-जांभळी झळाळी उन्हात क्षणाक्षणाला बदलत होती. किती हलका जीव, आणि त्याच्यावर त्या दिवशी केवढा भार! तिला इथून सांगलीला जायचं होतं, एकटीनं, आकाशातून. ती पोचते की नाही, यावर माझ्या वडिलांची उरलेली वर्षं कशी जाणार हे ठरायचं होतं.

आदल्या संध्याकाळी मी सहज मोबाईलवर शोधलं होतं : सातारा ते सांगली, हवाई अंतर किती? आजकाल काहीही विचारा, उत्तर हजर असतं. शंभर किलोमीटरांहून थोडं अधिक, असं त्यानं तत्परतेनं सांगितलं, आणि मी न विचारताच विमानाला लागणारा वेळही पुढ्यात टाकला : दहा-बारा मिनिटं. मला हसू आवरेना. ना साताऱ्याला विमानतळ, ना सांगलीला. मध्ये कराडला एक लहानशी धावपट्टी आहे, तेवढंच काय ते. मग हे विमान उडणार कुठून, पोवई नाक्यावरून? आणि उतरणार कुठं, हळदीच्या सौद्यात? ज्या मार्गावर विमान कधी उडालं नाही, त्या मार्गावरचा उड्डाणकाल इतक्या ठामपणे सांगणाऱ्या त्या यंत्राच्या आत्मविश्वासाचा मला हेवाच वाटला.

तसं पाहिलं तर या दोन गावांमधलं अंतर एक नाहीच. लाल एस्टीचं अंतर वेगळं. ती कराडला चहा घेते, इस्लामपूरला उतारू घेते आणि आष्ट्याच्या पुढं आपल्याच नादात रमते. रेल्वेचं वेगळं. आणि कृष्णेचं तर सर्वांत वेगळं! माहुलीला वेण्णेची गळाभेट घेऊन निघालेली ती, कराडला कोयनेला समोरासमोर भेटून, उसाच्या हिरव्यागार पट्ट्यांतून वळणावळणानं, जणू कुठंच पोचायची घाई नसलेल्या माहेरवाशिणीसारखी सांगलीच्या घाटाशी येते. याच नदीच्या वरच्या अंगाला माझं सासर, खालच्या अंगाला माहेर. साताऱ्यात मी भांडी घासते ते पाणी कधी ना कधी सांगलीला अब्बांच्या दारावरून जात असेल, असा विचार लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या मनात वरचेवर येत असे, आणि मग उगाचच नळ जास्त वेळ सोडला जाई.

आमच्या गच्चीवरून विमानं दिसतात, नाही असं नाही. पण ती फार उंचावरून, एक पांढरी रेघ मागं ठेवत, कुठल्या तरी मोठ्या शहरातून कुठल्या तरी मोठ्या शहराकडं जातात. खाली सातारा आहे हे त्यांना कुणी सांगत असेल का? मला शंका आहे. मात्र सातारा आणि सांगली यांच्यामधली हवाई वाहतूक ही माझ्या चांगल्या ओळखीची गोष्ट आहे. विमानतळ नसला तरी ती होती, नियमित होती, आणि तिचा पूर्ण लाभ घेतलेली या जिल्ह्यातली एकमेव बाई बहुधा मीच असेन.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उश्या भरायच्या, लग्नसराईत रुखवताच्या गाद्या शिवायच्या, हा आमचा पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय. माझं मराठी ऐकून, मी शिकवते त्या कॉलेजात नव्यानं आलेले प्राध्यापक कधी कधी नवलानं विचारतात, बाई, तुम्ही भाषा कुठं शिकलात? मी सांगते, सांगलीत, गादीच्या दुकानात. ते हसतात, त्यांना थट्टा वाटते. पण ती थट्टा नसते. कापसाच्या उडणाऱ्या तंतूंमध्ये बसून, गिऱ्हाइकांशी तासन् तास गप्पा मारणाऱ्या माझ्या बापाचं बोलणं ऐकतच माझे कान तयार झाले. वाणीला रेशमी करणाऱ्या शाळा पुष्कळ असतील. माझी वाणी कापसात वाढली, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

दुकानाच्या वरच्या गच्चीवर अब्बांची ढाबळ. जुन्या फळ्या, तारेची जाळी आणि पत्रा यांतून उभं केलेलं ते कबुतरांचं घर म्हणजे त्यांचं दुसरं, आणि खरं सांगायचं तर पहिलं, कुटुंब. त्यांनी पाळलेली जात घरी परतणारी. हौशी मंडळी तिला होमर म्हणतात. कितीही लांब नेऊन सोडा, ती आपलं घर शोधत येते. आणि अब्बांनी नावं ठेवली ती कापडांची! एक मांजरपाट, एक छीट, एक खादी. एका दांडगट नराचं नाव तर ताडपत्री होतं. अम्मा, म्हणजे माझी आई, असेपर्यंत त्यांना चिडवायची की पोरांची नावं ठेवताना इतका विचार केला नव्हता तुमी. त्यावर अब्बा शांतपणे म्हणायचे, "पोरं नावानं हाक मारल्यावर येतात. पाखरं हाक न मारता येतात. मान कुणाला जास्त द्यायचा?"

माझं लग्न साताऱ्यात झालं तेव्हा आमच्याकडं फोन नव्हता. सांगलीतल्या घरी नाही आणि साताऱ्यातही नाही. माहेरपण संपवून मी परत निघाले की अब्बांचा जीव टांगणीला लागे. लेक नीट पोचली की नाही हे कळायचं कसं? मग त्यांनी एक रीत घातली. मी निघाले की माझ्या सामानाबरोबर एक छोटी झाकणाची करंडी द्यायची, आत एक कबुतर. साताऱ्याच्या स्टँडवर उतरले की करंडीचं झाकण उघडायचं आणि ते सोडून द्यायचं. पायाला चिठ्ठी नाही, दोरा नाही. पाखरू आलं म्हणजे लेक पोचली, एवढाच त्याचा अर्थ! स्टँडवरचे हमाल, वाहक, भेळवाला सगळे मान वर करून पाहत. ते कबुतर स्टँडवर एक फेरा घेई, मग दुसरा, आणि आग्नेयेला वळून नाहीसं होई. मी सासरी पोचून दुपारचा स्वयंपाक उरकते न उरकते, तोवर तिकडं सांगलीच्या गच्चीवर ते उतरलेलं असे. दोन तासांच्या आतबाहेर. हा आमचा उड्डाणकाल, आणि तो कुठल्याही यंत्रानं नव्हे, एका बापाच्या काळजीनं मोजलेला.

पुढं फोन आले, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. "पोचले" हा शब्द एका बोटानं पाठवता येऊ लागला आणि करंडी माळ्यावर गेली. पाखरं मात्र राहिली. अब्बा त्यांना भिलवडीहून, ताकारीहून, फार तर कराडहून उडवत. हळूहळू त्यांची नजर मंदावली, गुडघे कुरकुरू लागले. गेल्या वर्षी काही पाखरं परत आलीच नाहीत. मग एकदा जिन्यावरून ते पाय घसरून पडले, आणि माझा धाकटा भाऊ सलीम, जो त्यांच्याबरोबर राहतो, त्यानं विषय काढला. ढाबळ मोडायची. पाखरं मिरजेच्या एका हौशी माणसाला द्यायची. सलीम वाईट नाही हो. बापाला जिन्यावरून उचलून आणणाऱ्या पोराचा राग तरी कसा यावा? पण तो जे बोलला ते अब्बांच्या वर्मी लागलं. तो म्हणाला, "अब्बा, आता पाखरं येत न्हाईत. तुमचा हात गेला."

हात गेला! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पिंजलेल्या गादीत एक गाठ राहू दिली नाही, त्याला हे ऐकावं लागलं. अब्बा दोन दिवस जेवले नाहीत, असं सलीमनंच मला नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते त्याला म्हणाले, "मलमल ह्या हातानं वाढवलीय. तिला साताऱ्याला ने. तिथनं सोड. सांजच्या आत आली न्हाई तर ढाबळ उद्याच मोड, मी बोलणार न्हाई. आली, तर पुन्यांदा हा विषय काढायचा न्हाई." सलीमनं कबूल केलं. आता तुम्हीच सांगा, त्या एवढ्याशा जीवाच्या दोन पंखांवर काय काय बसलं होतं ते!

सलीमचा टेंपो आहे. सांगलीहून माल भरून तो शिरवळच्या कारखान्यांत पोचवतो. त्या संध्याकाळी जाता जाता तो आमच्या दारात थांबला, करंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आपा, पाणी ठेव. दाणा मातर एकबी घालायचा न्हाई. अब्बांनी लय बजावलंय." त्याचं कारण मला लहानपणापासून ठाऊक होतं. भुकेल्या पोटी सोडलेलं पाखरू दाण्यासाठी थेट घर गाठतं. पोट भरलेलं पाखरू कुठल्याही झाडावर बसून राहतं, पेंगतं, परक्या थव्यात मिसळून जातं. कबुतरं उडवणाऱ्या माणसांचा हा पहिला धडा. सलीम चहा घेऊन निघून गेला. रात्री शिरवळला मुक्काम करून, सकाळी माल उतरवून तो दुपारी सांगलीला परतणार होता. मी करंडी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली, पाण्याची वाटी ठेवली, आणि जाळीतून मलमलशी जरा बोलले. ती माहेरची होती ना!

इथं माझ्या सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो. साताऱ्याच्या आमच्या आळीत अम्मींच्या घरातून कुणी न खाता परत गेल्याची नोंद नाही. मीटर वाचायला आलेला माणूस असो, पत्ता चुकलेला असो की भांडायला आलेला असो. आधी ताट, मग विषय. आणि त्यातही सुनेच्या माहेरचं माणूस म्हणजे तर विचारूच नका. माझ्या लग्नानंतर सांगलीहून कुणीही आलं तरी अम्मी स्वतः चुलीपुढं बसत आल्या आहेत. आमच्याकडं ही रीतच आहे : सुनेच्या माहेरचं कुणी उपाशी गेलं तर बोल सासरच्या दाराला लागतो. गंमत एवढीच, की आजवर माहेरचं पाखरू मी स्टँडवरच सोडून येत असे, त्यामुळं त्यांतलं एकही कधी अम्मींच्या हाती सापडलं नव्हतं.

सकाळी मी करंडी उघडली तेव्हा पाण्याच्या वाटीशेजारी दुसरी वाटी होती. रिकामी. तळाशी ज्वारीचा एक दाणा आणि शेंगदाण्याचं टरफल. मागं वळले तर अम्मी दारात उभ्या, चेहऱ्यावर प्रसन्न यजमानीण! "फजरच्या वक्ताला उठले तवा घातलं. ज्वारी, मका, थोडं शेंगदाणं. काय खाल्लं गं पोरीनं! लय भूक लागली हुती बिचारीला." मी कसंबसं सांगितलं की तिला दाणा द्यायचा नव्हता. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही तरी अशोभनीय बोलले. "तुझ्या माहेरचं पाखरू, रातभर आपल्या घरात ऱ्हायलं, आन् उपाशी लावून देऊ व्हय? सांगलीत काय म्हणतील? साताऱ्यात दाणासुदिक घातला न्हाई?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं : ढाबळीचं, सलीमच्या शब्दाचं, अब्बांच्या हाताचं. सांगता सांगता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. या जगात कुणाच्या हातून काय काय चुका होतात. माझ्या सासूच्या हातून झाली ती एका पाहुण्याला पोटभर जेवू घालण्याची. अशी चूक करणारं घर मला मिळालं, याचा त्या भीतीच्या क्षणीही मला अभिमान वाटला, हे खोटं कशाला बोलू?

थांबण्यात अर्थ नव्हता. तिकडं अब्बा गच्चीवर जाऊन बसले असणार. म्हणून मी मलमलला उचलून गच्चीवर आले. हाताला ती चांगलीच जड लागली. मी हात उघडले. पंखांचा फडफडाट माझ्या चेहऱ्यावरून गेला, ती वर उठली, एक आळसावलेला फेरा घेतला, आणि समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली. बसली ती बसलीच. पिसं साफ केली. एक पाय पोटात घेतला. डोळे मिटले. ऊन खाणाऱ्या त्या कबुतराकडं पाहत आम्ही दोघी सासू-सुना गच्चीच्या कठड्याला धरून उभ्या होतो, आणि तेवढ्यात फोन वाजला. अब्बा फोनवर दोन शब्दांचे धनी. "सुटली का?" मी म्हटलं, "सुटली, अब्बा." ते म्हणाले, "बरं," आणि फोन बंद. दाण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. असं कुणी करू शकेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार.

मग सुरू झाली ती प्रतीक्षा. अम्मींनी टाळी वाजवली, पदर हलवला, "उठ गं बाय, बाप वाट बघतोय" म्हणून विनवणी केली. मलमलनं एक डोळा उघडून त्यांच्याकडं पाहिलं, जणू आणखी काही वाढणार आहात का असं विचारत होती. मला वाटलं, भूक ही किती सरळ गोष्ट! पोटात आग असली की पाय आपोआप चालतात, पंख आपोआप उघडतात, वाट विचारावी लागत नाही. पण तृप्त जीवाला कोण हलवणार? भरल्या पोटी, उबदार उन्हात, कुणी काही मागत नसताना, कुणी का म्हणून उठावं आणि शंभर किलोमीटर वारा कापत जावं? आमच्या गावचे कितीतरी जण पोटासाठी मुंबईला गेले, पोट भरलं आणि तिथलेच झाले. त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? मीही साताऱ्यात सुखात आहे. गेल्या दोन सुट्ट्यांत माझं सांगलीला जाणं झालं नव्हतं. पेपर तपासायचे होते, हे होतं, ते होतं. त्या टाकीवर पेंगणाऱ्या पाखराकडं पाहताना मला हे सगळं का आठवावं?

ऊन चांगलंच वर आलं. आळीत भाजीवाल्याची हाक आली, शाळेला जाणाऱ्या मुलांचा गलका आला आणि गेला. आणि मग, काहीच कारण नसताना, मलमल उठली. कुणी हुसकावलं नाही, कुठं आवाज झाला नाही. तिनं मान ताठ केली, दोन पावलं टाकीच्या कडेला आली आणि हवेत गेली. या वेळी फेरा आळशी नव्हता. एक वळसा अजिंक्यताऱ्याच्या बाजूला, दुसरा त्याहून उंच, आणि तिसऱ्याला ती सरळ आग्नेयेला वळली, ठिपका झाली, मग तोही दिसेना. अम्मी माझा दंड घट्ट धरून उभ्या होत्या. "बरुबर गेली न्हवं? तिकडंच हाय न्हवं सांगली?" मी मान हलवली.

त्यानंतर घरातलं एक काम धड झालं नाही. हात भाकरीच्या पिठात आणि जीव मात्र वर, त्या रस्ता नसलेल्या रस्त्यावर. मी मनातल्या मनात तिच्याखालून जमीन सरकवत होते. आता मसूर येईल. आता डावीकडं सदाशिवगड, उजवीकडं कराड, दोन नद्या एकमेकींसमोर येऊन मिळतात ते पाणी चमकेल. मग उसाचे फड, ऊसतोडीची गजबज, कारखान्यांच्या धुराड्यांतला पांढरा धूर. मग कुंडलच्या बाजूचे डोंगर, पलूसचे द्राक्षमळे, भिलवडी, पुन्हा कृष्णा, आणि मग हळदीच्या वासाची सांगली. किती देखणी आहे ही वाट! ती वरून एकदाही न पाहता मी तिच्यावर इतकं प्रेम केलं. गडांवर ससाणे असतात, मोबाईलचे टॉवर असतात, विजेच्या तारा असतात, हेही मला ठाऊक होतं. ते मनातून ढकलून मी भाकरी थापत राहिले.

दुपार झाली. दोन तास केव्हाच उलटून गेले होते. फोन गप्प. दुपारची, जोहरची नमाज झाल्यावर अम्मी नमाजाच्या चटईवरून उठल्याच नाहीत. हातात तसबीची माळ, ओठ हलत होते. मी जवळ जाऊन बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाई आली तर तुझ्या अब्बांना मी सांगते. त्यांचा हात गेला न्हाई, माझ्या हातानं घात झाला, म्हणून. सलीमलाबी सांगते. तू मधी पडू नको." सत्तरी ओलांडलेली ती बाई विहिणीच्या मानावर पाणी सोडायला तयार झाली होती, माझ्या बापाचा मान राहावा म्हणून. मी त्यांचा हात हातात घेतला. दोन्ही घरांचा मान एकाच पाखराच्या पंखांवर, आणि ते पाखरू कुठं आहे हे वरच्यालाच ठाऊक!

शेवटी फोन वाजला. सलीम होता, व्हिडिओवर. तो नुकताच घरी पोचला होता आणि जिना चढून वर गेला होता. "आपा, अब्बा सकाळपास्नं उन्हात बसल्यात. खाली या म्हटलं तर ऐकत न्हाईत. आता तूच सांग त्यांना. बास झालं म्हणावं." त्याचा आवाज घोगरा होता, जिंकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. त्यानं फोन फिरवला. ढाबळीशेजारी पालथ्या घमेल्यावर अब्बा बसले होते, डोक्यावर टॉवेल, चेहरा आभाळाकडं. त्या मंद डोळ्यांना आभाळ तरी दिसत असेल का, कोण जाणे. मी "अब्बा" म्हणून हाक मारणार, इतक्यात सलीमच्या हातातला फोन हेलकावला. आधी निळं आभाळ, मग पत्रा, मग सलीमची चप्पल, असं काहीबाही दिसू लागलं, आणि त्या सगळ्याच्या वरून माझ्या भावाची आरोळी आली, गल्लीत फुटबॉल खेळताना लहानपणी द्यायचा तशी : "आली! आवं अब्बा, आली! मलमल आली! ती बघा, ती बघा की!"

ज्यानं ढाबळ मोडायची म्हटलं होतं, त्यालाच ती आधी दिसली. त्यालाच आधी आनंद झाला. फोन कठड्यावर ठेवून तो नाचत असावा, कारण आम्हांला नुसते त्याचे पाय दिसत होते, आणि अम्मी "अल्ला, अल्ला" म्हणत रडत होत्या, आणि मीही.

थोड्या वेळानं सलीमनं फोन उचलला तेव्हा मलमल अब्बांच्या हातात होती. शेपटीचं एक पीस गेलेलं. वाटेत कुणी गाठलं होतं की काय, तीच जाणे. अब्बा तिच्यावरून बोटं फिरवत होते, कापसात गाठ शोधावी तशी. बोटं तिच्या गळ्याखाली आली आणि थबकली. तिथं पाखराची दाणे साठवायची पिशवी असते. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग म्हणाले, "हिला कुणी चारलंय." सलीमनं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आत अम्मींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "मी चारलं, भाईजान. मला ठावं न्हवतं. माझी चूक झाली."

अब्बा नुसते त्या गळ्याखाली अंगठा फिरवत राहिले. मग ते बोलले, आणि फोनवर दोन शब्दांत आटपणारा माझा बाप त्या दिवशी फोनवर कधी नव्हे इतकं बोलला. "विहीणबाई, चूक कसली? उभ्या जन्मात मी एक पाखरू भरल्या पोटी सोडलं न्हाई. सगळ्यांना उपाशी ठेवलं आन् आली म्हणून मिरवलं. पाखरं दाण्यासाठी येत हुती का घरासाठी, ह्ये मला कवाच कळलं न्हाई. इचारायचा धीरच न्हवता. आज कळलं. पोट भरलेलं असून आली. माझ्या घरासाठी आली." शेजारी सलीम मान खाली घालून उभा होता, तो म्हणाला, "अब्बा, ढाबळीचा पत्रा गळतोय. येत्या रविवारी बदलून घेऊ." अब्बांनी नुसतं "बरं" म्हटलं.

माझी छाती अभिमानानं भरून आली होती. बापाच्या हाताचा अभिमान, सासूच्या ताटाचा अभिमान, त्या करड्या जिवाचा अभिमान. साताऱ्यानं मला कधी काही कमी केलं नाही, लग्न होऊन आले त्या दिवसापासून इथं मी भरल्या पोटीच आहे. आणि म्हणूनच आता मला तिकडं जायचं होतं, पेपर, परीक्षा, काही काही आड न येऊ देता. मी अम्मींना तसं सांगितलं. त्या डोळे पुसत उठल्या. "जा की. चार दीस ऱ्हा. मातर जेवून जा," म्हणाल्या आणि ताट घ्यायला आत गेल्या. मी पोटभर जेवले आणि दुपारची सांगली गाडी धरली.